आक्काला कुरियरने धाडलेली पत्रिका

राजदूत म्हणजे नेमकं काय काम, असं गंगापूर रोडच्या बागेतले पेन्शनर मला विचारतात. खरं सांगायचं तर बंद गळ्याचा कोट घालून उभं राहायचं. नव्या देशात गेलं की पहिल्यांदा तिथल्या राष्ट्राध्यक्षांना परिचयपत्र द्यावं लागतं. ते टपालाने चालत नाही. बोलावतील तेव्हा स्वतः जायचं आणि दोन्ही हातांनी द्यायचं. एका देशात साहेबांना सर्दी झाली म्हणून मी तीन आठवडे ताटकळलो, वर आभारही मानले.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. दिल्लीच्या बड्या पाहुण्यांकडे पत्रिका घेऊन मी जातीने गेलो. कळवणला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, आमच्या आक्काला, कुरियरने धाडली. घरचीच तर आहे, म्हटलं.

चार दिवसांनी फोन केला. "पोचली. कागद चांगला हाय," आक्का म्हणाली. मी खुशीत बायकोला सांगितलं, आक्का येतेय. परक्या मंत्र्यांच्या खोकण्यातूनही अर्थ काढायचा पगार मी आयुष्यभर खाल्ला, हे इथे नमूद केलेलं बरं.

"त्या येणार नाहीत," बायको म्हणाली. "अक्षता द्यायला गेलंय का कुणी? अहो, पाळण्यात जिने नाव ठेवलं ती आत्या नसेल तर बोहल्यावर चढणार नाही, असं तुमच्या लेकीने मला बजावलंय."

दुसऱ्याच दिवशी अक्षता आणि नारळ घेऊन कळवण गाठलं. आक्का ओट्यावर कांदे निवडत बसली होती. ती उठली नाही, मला बसही म्हणाली नाही. गाडीत घोकलेलं मी सुरू केलं, "आक्का, काही गैरसमज झाला असल्यास मला खेद वाटतो."

"झाला असल्यास?"

"गडबडच इतकी होती गं."

"तुझी गडबड मला ठावं हाय. आईच्या दहाव्यालाबी तुझा फॅक्सच आला व्हता. सरकारी शिक्क्याचा." ती कांदे निवडतच होती. "कावळा शिवत नव्हता. लोक म्हणाले, म्हातारी लेकाची वाट बघती. मंग मी तो फॅक्स पिंडाशेजारी ठिवला. वर दगड ठिवला, उडू नये म्हणून."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"मग शिवला?"

"नाय. दर्भाचा कावळा करून शिववला."

लाज वाटली, नुसती लाज. आक्काने पदराला हात पुसले आणि ओंजळ पुढे केली. मी वाकून दोन्ही हातांनी अक्षता दिल्या, तरी निम्म्या कांद्यांत सांडल्या.

"पोरीसाठी येते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाय."