प्रेमिलाचे बेशिस्त उंदीर

प्रेमिला ठवकरच्या पीएचडीला तिच्या घरी 'उंदराचं' म्हणत. "पोरीचं उंदराचं आटोपलं की लग्नाचं पाहू," असं तिची आई शेजारणींना सांगे. ही गोष्ट १९७४ची.

शहराबाहेरच्या बेसा गावातल्या संत्राबागांत पिंजरे लावायचे, सापडलेल्या उंदराचं थेंबभर रक्त काढायचं आणि त्यातलं एक प्रथिन विजेच्या प्रवाहात कसं पळतं ते पाहायचं, हा तिचा उद्योग. कुणाचं भरभर पळे, कुणाचं रेंगाळे. आईकडून एक आणि बापाकडून दुसरा गुण घेतलेल्या मिश्र उंदरात दोन्ही दिसत. उंदीर आपसांत मोकळेपणी सोयरिकी करत असतील, तर मिश्र किती निघावेत याचा नियम आहे. बेसाच्या उंदरांनी तो धाब्यावर बसवला होता. मिश्र फारच कमी!

मार्गदर्शक चंपतराव सर कडाडले, "नियम काय चुकून राहिला? आकडे बदलव, नाहीतर माझी सही विसर."

"सही विसरते सर. आकडे नाही बदलवत."

घरी आई म्हणाली, "कर ना वं एवढुसा बदल! उंदीर काय साक्ष द्यायले येते?"

"मी देईन ना त्यांच्याकडून!"

बुधवारी सकाळी ती पिंजरे पाहायला बेसाला गेली, तर बांधावर सरांची स्कूटर. सरांच्या हातात पिंजरा, आत चार गलेलठ्ठ उंदीर.

"सर, हे काय?"

"इतवारीचे आहेत, आमच्या आळीतले. बाप्पाचं वाहन, घरात मारत नाही न आपण. दिवाळीपासून सगळी आळी पिंजरे माझ्याकडेच आणून देते. मी इथं सोडून देतो."

"आणि प्रयोगशाळेत कापता ते?"

"ते नमुने असतात," सर गंभीरपणे म्हणाले.

प्रेमिलानं पिंजरा हिसकावलाच. पुढेही, काम आटोपेपर्यंत, आळीतले पिंजरे ती स्वतः आणू लागली. इतवारीचे बहुतेक उंदीर भरभर पळणाऱ्या प्रथिनाचे निघाले. बेसाचे जुने रहिवासी रेंगाळणाऱ्या. दोन गावची मंडळी एकाच मांडवात मोजली गेली होती. सोयरीक अजून व्हायचीच होती. मिश्र कुठून येणार?

"प्रबंधात हे लिहू नको वं," सर कळवळले.

"तुमचं नाव नाही लिहीत. इतवारी लिहीन."

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर नावही लिहीन."

सरांनी सही केली. पुढच्या बुधवारी त्यांची स्कूटर पिंजऱ्यासकट बेसा सोडून हिंगण्याच्या रस्त्याला लागली.