शिडीचं मागचं टोक

शिडीकाकू यायची तेव्हा आधी शिडी दिसायची, मग काकू. वळणावरून लाकडी शिडीचं टोक सावकाश पुढं सरकायचं, बोटीचं नाक सरकावं तसं, आणि त्याच्यामागून एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई उगवायची. कमरेला पक्कड, तोंडात चिकटपट्टीचं भेंडोळं. बोलायची वेळ आली की ते भेंडोळं काढून मनगटात घालायची, बांगडीसारखं.

नवरा वायरमन होता. तो तापानं गेला. मागं शिडी राहिली, पक्कड राहिली आणि गिऱ्हाइकं राहिली. काकूनं तिन्ही उचलली. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या टेकाडावरची सगळी घरं दिव्यांनी मढायची, आणि त्यातली निम्मी काकूच्या हातची असायची. गच्चीच्या कडा, फाटकाच्या कमानी, अंगणातली झाडं. तिच्या माळेला झोळ पडत नसे. नदी काठाला धरून जाते तशी तिची माळ भिंतीला धरून जायची.

जुन्या काचेच्या दिव्यांच्या काळात तिची एक रीत होती. माळ पेटली की शिडीवर चढून ती तिच्यावरून तळवा फिरवायची, आजारी लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. पेटलेला दिवा कोमट लागे, मेलेला गार. बघायची गरजच नाही. लोक म्हणत, काय कसब आहे! कसब होतंच. पण त्याच्यामागचं कारण फक्त तिच्या लेकीला ठाऊक होतं. दिवस मावळला की काकूला दिसत नसे.

म्हणजे दिवे दिसत. दिव्यांखालचं जग दिसत नसे. भिंत, झाड, रस्ता, माणसाचं तोंड, सगळं विरघळून जायचं आणि काळ्या पाण्यावर ठिपके तरंगत राहायचे. घरी जाताना ती एका खांद्यावर शिडी घ्यायची आणि दुसऱ्या हाताची बोटं कुंपणाच्या भिंतीवरून ओढत चालायची. भिंत संपली की वळण, वळण संपलं की तिचं दार.

मग नवे दिवे आले. ते गार असतात. पेटले तरी गार, मेले तरी गार. पहिल्याच वर्षी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी फाटकातूनच सुनावलं, "काकू, अहो माझ्या घराचे पुढचे दात पाडलेत तुम्ही! अर्धी कमान काल अंधारात होती. येणारेजाणारे हसत होते."

"माळच खराब निघाली, बाई."

"माळ खराब होती तर लावताना दिसली नाही?"

काकूनं भेंडोळं तोंडात धरलं. संध्याकाळी तिला कमानीपाशी ठिपके दिसले होते आणि ठिपक्यांमध्ये खंड दिसला होता. पण तिथं कमान संपते, की मध्ये फांदी येते, की माळ मेलीय, हे कसं कळावं?

ही बातमी लेकीपर्यंत पोचली. लेक लांबच्या शहरात इस्पितळात नर्स होती. बोलणं सुईसारखं, नेमकं.

"आई, तू अंधारात चाचपडत फिरतेस, हे मी इतकी वर्षं पोटात ठेवलं. आता बास. माझ्याकडे यायचं."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी शिडी कुठं ठेवू?"

"शिडी विकायची."

"मग मलाही वीक तिच्याबरोबर. जोडीला चांगला भाव येईल."

"चेष्टा नको. सुट्ट्यांच्या शेवटी मी येतेय. यंदा आणखी एक जरी घर अंधारात राहिलं, तरी तुझं बोचकं बांधणार म्हणजे बांधणार."

काकूला आपल्या लेकीचा शब्द माहीत होता. तो तिच्याच वळणावर गेला होता. दोन खोल्यांचं घर, वळणापलीकडचं दार, आणि सगळं गाव उजळून आपण मात्र अंधारातून चालत जायचं ते विचित्र सुख, हे सगळं आता एका माळेला टांगलेलं होतं.

तिनं विचार केला. उजेडात आपल्याला दिसतं. तेव्हा अंधारातलं घर जर कशात तरी भरून उजेडात आणता आलं, तर स्वयंपाकघरातल्या लख्ख दिव्याखाली बसून निवांत तपासता येईल. ती कॅमेरेवाल्याकडे गेली. त्याच्या दुकानावरच्या माळाही तीच लावायची.

"व्हिडिओ काढायचाय," ती म्हणाली. "रात्रीचा. दिव्यांचा."

"काकू, आता सिनेमात जाणार की काय?"

"तुझ्या दुकानाची जाहिरात मध्यंतरात लागेल त्यात. दाखव."

त्यानं तीन कॅमेरे काचेवर मांडले. काकू म्हणाली, "असे नाहीत बघायचे. शटर ओढ. दिवे घालव. एकच माळ पेटव." तो हसत उठला. शटर खाली आलं, दिवे गेले, काचेमागं एक माळ लुकलुकू लागली. काकूपुरतं दुकान नाहीसं झालं. राहिले ठिपके आणि हातातल्या कॅमेऱ्याचा उजळ चौकोन.

पहिल्या कॅमेऱ्यानं काळोख करडा करून टाकला. त्यात मुंग्या वळवळाव्यात तसे कण फिरत होते. "हा मेला काळोखाला घाबरतो," काकू म्हणाली आणि तो बाजूला ठेवला.

दुसऱ्याला एक चाक होतं. ते उलटं फिरवलं तसे दिवे आवरत आवरत टाचणीच्या डोक्याएवढे झाले, आणि त्यांच्यामागं कपाटाची कड पुसट उभी राहिली. काळोख काळाच. काकू बराच वेळ बघत राहिली. कपाट कुठं संपतं आणि माळ कुठं संपते, हे वेगवेगळं दिसत होतं.

तिसऱ्याला रात्रीचं बटण होतं. ते दाबताच सगळं हिरवं झालं. दिवे फुटल्यासारखे पांढरे पसरले. पण त्यांच्या आजूबाजूचं दुकान मात्र लखलखीत दिसलं. खुर्ची, पंखा, कोपरा. कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता. त्याचे दोन्ही डोळे मांजरासारखे चमकत होते आणि ते काकूकडे लागले होते.

काकूनं चौकोनावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"कोण? आमचे वडील आहेत ते. दुपारपासून तिथंच बसलेत. तुम्ही नमस्कार केला नाहीत, म्हणून रुसले असतील."

"शिडीवाली बाई संध्याकाळी समोरून जाते, पण मला कधीच बघत नाही," कोपरा म्हणाला.

सगळे हसले, काकूही हसली. पण कॅमेरा तिनं कोपऱ्यावरून हलवला नाही. इतकी वर्षं ज्या काळोखात आपण एकट्या आहोत असं धरून चाललो, तो मोकळा होता कशावरून?

"दुसरा आणि तिसरा दोन्ही न्या," कॅमेरेवाला म्हणाला. "चार संध्याकाळी वापरून बघा. एक ठेवा, एक परत आणा."

दुसऱ्या कॅमेऱ्यानं त्याच संध्याकाळी काम दिलं. येताना तिनं घरांचं चित्र टिपलं, घरी येऊन ते स्वयंपाकघरात लावलं, आणि आपणच मढवलेली घरं आयुष्यात प्रथम भिंतींसकट, झाडांसकट पाहिली. एका गच्चीचा कोपरा मेलेला होता. सकाळी जाऊन तिनं माळ बदलली. कुणाला कळलंही नाही.

इथं थांबली असती तर काम झालं होतं. पण तो म्हातारा डोळ्यांसमोरून जाईना. पुढचं आपल्याला भिंत सांगते. मागचं सांगायला कुणी नाही, असं तिच्या मनानं घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी तिनं हिरवा कॅमेरा शिडीच्या मागच्या टोकापासून दोन पायऱ्या आत चिकटपट्टीनं बांधला, तोंड मागच्या रस्त्याकडे करून, आणि नेहमीसारखी घरी आली.

दार लावून, दिवा लावून तिनं चित्र सुरू केलं. रस्ता मागं मागं पळत होता. फाटकं, कुत्रं, डॉक्टरीणबाईंची कमान. मग गर्दी सरली, दिवे विरळ झाले, आणि चित्राच्या खालच्या कडेला, शिडीच्या दोन दांड्यांवर दोन हात आले. जवळ असल्यानं ते पांढरेफटक दिसत होते. बोटं दांड्यांभोवती नीट वळलेली, भार सवयीनं पेलणाऱ्याची. हातांच्या मागं खांदे असायला हवेत, तोंड असायला हवं. तिथं नुसता रस्ता होता, त्याच्या भेगांसकट.

हात तिच्या दारापर्यंत आले, आणि शिडी भिंतीला लागल्यावर सुटले.

काकूनं ते तीनदा पाहिलं. शिडी घरी जाताना हलकी लागते, हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. दिवसभराच्या कामानं खांदा बधिर होत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. कुणीही म्हणेल, नवरा असणार. पण नवऱ्याचे हात ती ओळखत होती. "त्याला मेलं जित्तेपणी शिडी धरायचा कंटाळा," ती पुढं मला म्हणाली, "आता कशाला येतोय? ते हात मी कधीच पाहिले नव्हते."

तिसऱ्या संध्याकाळी भिंतीशेजारून चालताना ती मध्येच थांबली. "कोण आहे?" तिनं काळोखाला विचारलं.  तिनं शिडीवरचा हात काढला. एवढी लांब शिडी, ती एका बाजूला कलायला हवी होती. ती कलली नाही. पाळण्यासारखी स्थिर राहिली, वाट बघत. मग काकूनं पुन्हा शिडी धरली आणि चालू लागली. पळून जाणार कुठं? पळायला दिसावं लागतं.

चौथ्या दिवशी तिनं हिरवा कॅमेरा दुकानात परत दिला.

"हा नको? अंधारातलं सगळं दाखवतो की."

"म्हणूनच नको. मला दिवे बघायचेत. मागचं कोण, ते मागच्याचं मागच्याला ठाऊक."

सुट्ट्यांच्या शेवटी लेक आली. संध्याकाळभर टेकाडावर फिरून तिनं एकेक घर तपासलं, इस्पितळात रोगी तपासावा तसं. एकही दिवा मेलेला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तर दात दाखवून हसून हात हलवला. तरी लेकीचं समाधान होईना. "दिवे ठीक आहेत. पण तू घरी कशी जातेस ते मला बघायचंय. त्यावर ठरवीन."

काकूनं शिडी उचलली. बोटं भिंतीला लावली. लेक शेजारून चालू लागली, तोंडानं चालूच. इथं खड्डा आहे, तिथं दगड आहे, एखाद दिवशी पडलीस तर? दिवे विरळ झाले आणि लेकीचं बोलणं मध्येच तुटलं.

"मागचं टोक तू धरलंस का गं?" काकूनं विचारलं.

लेक मागं बघत होती. तिचे डोळे चांगले होते. काकूला तिचे फक्त श्वास ऐकू आले, आणि शिडीपासून जरा दूर सरकलेली पावलं.

"नाही," लेक म्हणाली.

बाकी वाट लेक आईच्या पुढून चालली. काय दिसलं, हे लेकीनं सांगितलं नाही आणि काकूनं विचारलं नाही. रात्री लेक दिवा चालू ठेवूनच झोपली. सकाळी बोचकं बांधलं ते तिनं स्वतःचंच.

काकू तिला बसपर्यंत पोचवायला गेली. लेक पायरीवर चढली, पुन्हा खाली उतरली, आईचा पदर नीट केला, उगीचच.

"राहा इथंच," ती म्हणाली. "पण आई, काम उरकलं की लगेच निघत जाऊ नकोस. मागचं टोक धरायला कुणी हवं. जरा अंधार पडू देत जा."