कावळ्याला दिलेला मिक्सरचा शब्द

वस्तू घेताना मी आधी ती उचलून बघतो. दुकानदार चकाकी दाखवतो, दिवे लावून दाखवतो. मी म्हणतो थांब बाबा, मला वजन बघू दे. हलकी वस्तू म्हणजे आतून रिकामी. आमचा जुना रेडिओ कातडी कव्हरातला होता. एकदा माळवदावरून खाली फरशीवर पडला. फरशी टवकली आणि रेडिओ बाजारभाव सांगत राहिला. आता लेकानं दिलेला मोबाईल खाटेवरून गोधडीवर पडला तरी त्याची काच जाते. गॅरंटीचं तर मला बोलूच देऊ नका. ती कधी संपते ते माणसाच्या ध्यानात राहत नाही, मशीनच्या मात्र बरोबर ध्यानात राहतं.

शाळा माझी चौथीपर्यंत, पण यंत्राचा नाद तरुणपणापासून. गावात पहिला टेप मी आणला. रंगीत टीव्ही पण मीच आणला, अन् बघायला जमलेल्या लोकांनी दारातला तुळशीचा कट्टा बसून बसून पाडला. कारभारणीला यातलं काही आवडायचं नाही. रेडिओ बडबड्या, टीव्ही चहाडखोर, असं तिचं मत. तिचा जीव एकाच वस्तूवर, तो म्हणजे तिचा मिक्सर. लेकीच्या जन्मानंतर घेतलेला. चालू केला की म्हशी दावणीला उभ्या राहायच्या. झाकण कधीच हरवलं होतं. ती वर स्टीलची ताटली ठेवायची आणि हातानं दाबून धरायची, जसं वासरू धरावं.

गेल्या उन्हाळ्यात मिक्सर जळका वास मारायला लागला म्हणून मी तो नायगावच्या दुरुस्तीवाल्याकडं टाकला. त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली. लातूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. नाकात नळी होती तरी मला विचारायची, मिक्सर आणला का. मी म्हणायचो, आधी तू घरी चल. ती घरी आली नाही. मिक्सरही आला नाही.

दहाव्याला आम्ही नांदेडला गोदावरीच्या घाटावर गेलो. पिंड मांडला, सगळे लांब सरकून उभे राहिलो. कावळा आला, विजेच्या तारेवर बसला, आणि बसूनच राहिला. पिंडाला शिवेना. मग आमच्यात करतात तसं एकेकानं पुढं होऊन तिला शब्द द्यायला सुरुवात केली. गेलेल्या माणसाचं मन ज्यात अडकलंय त्याचा शब्द दिला की कावळा शिवतो. मुलगी म्हणाली, आई, मी दर महिन्याला येऊन दादाकडं, म्हणजे माझ्याकडं, बघते. कावळा हलला नाही. मुलगा लातूरला नोकरीत, तो म्हणाला, घराला स्लॅब टाकतो. कावळ्यानं पंख खाजवले. मग माझा मेव्हणा पुढं झाला आणि म्हणाला, अक्का, मी दारू सोडतो. कावळा तारेवरून उठला आणि लांबच्या लिंबावर जाऊन बसला. त्यालाही पटलं नसावं.

ऊन डोक्यावर आलं. न्हावी घड्याळ बघत होता. कुणी म्हणालं, दर्भाचा कावळा करून शिववा आणि मोकळे व्हा. ती अशी अडकून राहिली तर मी घरी कोणत्या तोंडानं जाऊ? मला एकदम आठवलं. मी पुढं झालो, हात जोडले.

"तुझा मिक्सर नीट करून घरी आणतो. भंगारात घालत न्हाई, कुणाला देत बी न्हाई."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडात चोच घातली. भावकीतली माणसं तोंडाला उपरणं लावून खोकायला लागली. सूनबाई माझ्याकडं बघेना, कारण लेकानं लातूरहून नवा मिक्सर आणून तिच्याच हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी नायगावला गेलो. दुरुस्तीवाला म्हणाला, काका, याचे पार्ट आता येत नाहीत, जुना द्या, नवा घ्या. मोटर त्यानं काढून फेकली होती. भांडं कुण्या गिऱ्हाईकाला दिलं होतं. मी त्याला कावळ्याची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा उतरला.

"आधी सांगायचं ना काका. पितराचं काम हाय हे."

गाडी काढून तो गेला आणि भांडं परत मागून आणलं. मोटर दुसऱ्या एका मिक्सरची बसवली, बटण तिसऱ्याचं. मी गॅरंटी विचारली तर म्हणाला, कावळ्याच्या कामाला गॅरंटी मी कशी देऊ.

घरी आणला. लेकानं उलटासुलटा करून बघितला.

"दादा, ह्यात आईचं नुसतं भांडं अन् डबडं राहिलं."

ते माझ्या जिव्हारी लागलं. शब्द तिच्या मिक्सरचा दिला होता. मोटर परक्याची निघाली तर तो शब्द पाळला म्हणायचा का मोडला? जेवण गोड लागेना.

सकाळी मी स्वतः शेंगदाणे भाजले, लसूण-तिखट टाकलं, ताटली दाबून धरून मिक्सर फिरवला. थोडी चटणी आढ्याला गेली. उरलेली भाकरीच्या तुकड्यावर घालून भिंतीवर ठेवली. कावळा आला. चटणी चोचीनं बाजूला सारली, खालची भाकरी उचलली आणि निघून गेला.

मी तिथंच पायरीवर बसलो. नाकारलं तिनं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थोडं तिखटाचं पण होतं. सूनबाई बाहेर आली, भिंतीवरची चटणी बोटानं चाखली.

"मामा, मीठ कुठं हाय यात?"

मीठ घालून परत फिरवली. परत ठेवली. मुलगा, सून आणि मी दाराआड उभे राहिलो. कावळ्यानं चटणीत चोच घातली, मान झटकली, भिंतीला चोच घासली, आणि परत घातली.