बिडीने गोचीड काढणारे भासरे

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, गावातल्या सगळ्या गोचिडींचे डॉक्टर. तसं त्यांनीच ठरवलं आहे. गोचीड कुत्र्याला लागो, गुराला लागो, नाहीतर माणसाला, औषध एकच, पेटती बिडी. ती गोचिडीच्या पाठीवर टेकवायची आणि जमलेल्या लोकांकडे बघायचं. पूर्वी रॉकेलही ओतायचे. आता रॉकेल मिळत नाही, म्हणून नुसती बिडी.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. अंगाला अंग लागू देत नाही. सांगायचंच झालं तर दोघांनीही भिंतीला सांगायचं. मला हे कधी जड गेलं नाही, मी तशीही कमीच बोलते. पण न बोलता बघत राहिलं की माणूस पुरता दिसतो. भासरे सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतात तोही असा, जणू खर्रा त्यांनीच शोधून काढला.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या काळ्या कुत्रीच्या कानात गोचीड होती. भासऱ्यांनी बिडी लावली. कुत्री किंचाळली, कानाचे केस जळाले. मग त्यांनी नखांनी ओढली. गोचिडीचं अंग हातात आलं, तोंड आतच राहिलं. "निंगाली पाहा," म्हणाले. मला ओसरीवरून दिसत होतं. चार दिवसांत कानात पू झाला.

म्हशीला टोचायला गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी तो कान साफ केला. मला म्हणाल्या, "जाळायचं नाही, तेल लावायचं नाही. गोचिडीला त्रास दिला की पोटातली घाण ती आपल्या रक्तात सोडते. चिमट्याने अगदी चामडीला लागून, तोंडाशी धरायची. हळूहळू सरळ वर ओढायची. पिळायची नाही, पोट दाबायचं नाही."

मागून भासरे म्हणाले, "आमी तं असंच करतो, बाई."

बाईंनी जळक्या केसांकडे बघितलं आणि हात धुवायला पाणी मागितलं.

यंदा मोहफुलं वेचून आलो तेव्हा पोरीच्या कानामागे गोचीड चिकटलेली दिसली. भासरे अंगणात बाजेवर होतेच. त्यांनी लगेच बिडी पेटवली.

"आण इकडं पोरीले. काऊन रडून राहिली? एका मिनिटात काढतो."

पोरीने कुत्रीचा कान पाहिला होता. ती मला घट्ट धरून बसली. मी तोंड उघडलं, पण एवढ्या वर्षांच्या सवयीने आवाजच निघेना. मग मी पदर पुढे ओढला, पोरीला मांडीवर घेतलं आणि तिचं डोकं छातीशी धरलं. भासरे आले आणि दोन हातांवर थांबले. पोरीच्या कानाला हात लावायचा तर तो मला लागणार.

"पोरीले सोड म्हणाव तिले," ते भिंतीला म्हणाले.

भिंत बोलली नाही. मीही नाही.

जाऊबाई, म्हणजे त्यांचीच बायको, आतून माझा भुवयांचा चिमटा घेऊन आल्या.

"बायकाइच्या चिमट्यानं गोचीड निंगते काय!" भासरे हसले.

मी चिमट्याने तोंडाशी धरून हळूहळू सरळ वर ओढली. निघाली. तोंडासकट, पाय हलवत. ती साबणाच्या पाण्यात टाकली, पोरीचा कान आणि माझे हात साबणाने धुतले. पुढे कितीतरी दिवस मी पोरीच्या कपाळाला हात लावून ताप बघत होते. ताप आला नाही. भासऱ्यांची बिडी तेव्हाच हातात विझली होती. "ढिलीच होती ते," एवढं बोलून ते बाजेवर गेले. आणि चावडीवर जाऊन त्यांनी सांगितलं, "आमच्या घरी सगळ्याइले मीच शिकवलं."

परवा त्यांच्याच बगलेत गोचीड लागली. अंगणात उभं राहून, एक हात वर धरून, ते भिंतीला म्हणाले, "तो चिमटा कोठी आहे म्हणाव."

मी चिमटा उंबऱ्यावर ठेवला आणि पोरीच्या कानात सांगितलं. तिने मोठ्याने विचारलं, "मोठे बाबा, आज बिडी नाही काय?"