‘तर’च्या तीन रेघा

मी भाऊसो, जत तालुक्यातल्या एका हायस्कुलाचा शिपाई. इंग्रजी म्हणाल तर ए बी सीच्या फुडं मी ढ. पण ‘इफ’ विचारा! झोपेतनं उठवून विचारा, सांगतो. चौदा वर्सं त्या इफच्या रेघा ह्याच हातानं मारल्यात.

रेघा म्हंजे फक्कीच्या, खो-खोला मैदानावर मारतात तसल्या. आमच्या इंग्रजीच्या चंदना मॅडमचा खेळच तसला व्हता. पैली रेघ, घडू शकतंय त्याची. दुसरी, घडायचं न्हाई, नुसतं मनातलं मांडं. तिसरी, येळ निघून गेली, आता बोंबलून उपेग न्हाई. मॅडम मराठीत वाक्य वरडायच्या. पोरांनी खरं काय ते वळखून त्या रेघंवर पळायचं आनि तिथं हुबं ऱ्हाऊन तेच इंग्रजीत म्हणायचं. रेघ चुकली, बाद. इंग्रजी चुकलं, बाद. पोरं घामानं भिजायची, पण इंग्रजीच्या तासाला एकबी दांडी मारत न्हवतं.

एक चूक मात्र दर साली ठरल्याली. मॅडम म्हणायच्या, "टँकर आला तर मी आंघोळ करीन." पोरं बरुबर पैल्या रेघंवर. टँकर येतोय की आमच्याकडं, आज न्हाई तर परवा. पण इंग्रजी म्हणताना, "इफ द टँकर केम..." मॅडम कपाळाला हात लावायच्या. "अरे, केम नाही, कम्स! केम म्हटलंस की तो टँकर यायचाच नाही." मला लय नवल वाटायचं. आपण ‘आला तर’ म्हणतो, तवा त्यात आस असती. इंग्रजीत तसंच म्हणलं की आस सुटली.

मॅडम सांगलीच्या, जैनाच्या. दिवस मावळल्यावर तोंडात घास न्हाई. एसटीनं घरी पोचायला अंधार पडायचा, म्हणून शाळा सुटली की व्हरांड्यात दुसरा डबा उघडायच्या. "मामा, घ्या," म्हणून अर्धी चपाती माझ्या हातावर ठेवायच्या. नोकरी तासिकेवरची. तास घेतला तर मॅडम, न्हाई तर कुणी न्हाई. मस्टरवर सुदिक नाव न्हवतं.

सा वर्सामागं सांगलीतल्या एका शाळंनं त्यांना कायमचं बोलावलं. घरापास्नं चालत जाण्यासारखी शाळा! मी म्हणलं, जावा मॅडम, मागं वळून बघू नका. तेवढ्यात आमच्या संस्थेच्या सेक्रेटरीला कुणकुण लागली. जुनं इंग्रजीचं सर रिटायर व्हायचं व्हतं. सेक्रेटरी हापिसात बसून म्हणला, "जागा निघाली तर तुमचीच, मॅडम." झालं! मॅडमनी सांगलीला नकार कळवला.

आता बगा. पोरांची ‘तर’ची चूक दर साली काढणारी बाई, आनि सोता तिथंच घसरली. ‘निघाली तर’ ऐकलं आनि पैली रेघ धरून बसली. त्यो भाद्दर दुसरीवरचं बोलत व्हता. मला त्याचा राग येत न्हाई, असल्या गोडबोल्यांना मी लय वळखून हाय. मला मॅडमचा राग येतो. "आवं, कागदावर लिहून घ्या की," म्हणलं व्हतं मी. तर म्हणल्या, "मामा, माणसाच्या शब्दाला काही किंमत असते की नाही?" किंमत, डोंबल!

गेल्या जूनला जागा निघाली. पण भरती ऑनलाइन, आनि अर्जाला वयाची अट. मॅडम त्या अटीच्या चार वर्सं फुडं गेल्याल्या. त्यांना अर्जच भरता येईना. सेक्रेटरी म्हणला, "माझ्या हातात असतं तर केलंच असतं." ह्ये कुठल्या रेघंवरचं, मलाबी कळलं.

मग नवीन सर हजर झालं. मस्टरवर त्यांची सही झाली आनि मॅडमचं सगळं तास त्यांच्याकडं गेलं. त्या दिवशी दुपारी नववीची पोरं मॅडमना वढत मैदानावर घिऊन आली. "मॅडम, एकच डाव. शेवटचा." मी फक्की मारली. रेघा वाकड्या आल्या.

मॅडम वाक्य देणार, तेवढ्यात शिवतेज नावाचं पोरगं वरडलं, "मॅडम राहिल्या तर आमी रोज खेळू!" सगळा वर्ग पळाला, पैल्या रेघंवर. चाळीस पोरं एकमेकाला रेटत वरडत व्हती, "इफ मॅडम स्टेज, वुई विल प्ले!" एकानंबी ‘स्टेड’ म्हणलं न्हाई. इंग्रजी अगदी चोख.

मला वाटलं, आता तरी बाई हसतील, सोडून देतील. एवढं एक खोटं चालवून घेतलं असतं तर काय आभाळ कोसळणार व्हतं? पण त्यांनी चुकीची रेघ कवा चालवून घेतली न्हवती. म्हणल्या, "बाद. सगळे बाद."

कुणी हलंना. मग राजेश्वरी निघाली. मेंढ्या राखणाऱ्या धुळा धनगराची पोरगी, वर्गात कवा तोंड न उघडणारी. पळाली न्हाई, चालत गेली. तिसऱ्या रेघंवर हुबी ऱ्हायली आनि म्हणली, "इफ मॅडम हॅड स्टेड, वुई वुड हॅव प्लेड एव्हरी डे."

तिसऱ्या रेघंचं वाक्य न अडखळता म्हणल्यालं मी चौदा वर्सांत ऐकलं न्हवतं. मॅडम तिच्याकडं बघत ऱ्हायल्या. "बरोबर," म्हणल्या, आनि सगळ्या पोरांदेखत ढसाढसा रडल्या.