मीठ बरोबर होतं का?

काल सिंधुवहिनी गेल्या. मी त्यांच्यासाठी डबा घेऊन दारात पोचलो, तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

डब्यात चून-भाकर होती. चून म्हणजे आमच्याकडचं पिठलं. मी केलेलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

गेल्या आठवड्यात भेटायला गेलो, तर पलंगावरूनच म्हणाल्या, "भाऊजी, इतके वर्सं माह्या हातचं खाल्लं. एकदा तुमच्या हातची चून-भाकर तं आणा. तोंडाले चवच नाई राह्यली."

"आणतो ना वहिनी. बोटं चाटत राहाल."

"बोटं राहू द्या. मीठ तेवढं आठवणीनं टाकजा."

एवढं एकच काम सांगितलं होतं हो त्यांनी मला. एवढं एकच.

ऐंशी साल उजाडायचं होतं, तेव्हाची ओळख आमची. मी आष्टीकडचा पोरगा, देवळीच्या ऑफिसात नवीन क्लार्क. भाड्याची खोली, एकटा जीव, स्टोव्ह पेटवायचा कंटाळा. दुपारी बसस्टँडवर आलुबोंडा आणि वर तिखटजाळ रस्सा, तर्री. रोज!

थोड्याच दिवसांत पोटात आग पडायला लागली. समोरच्या टेबलावर मधुकरराव बसायचे, मला सिनियर. जेवण सोडून पोट धरून बसलेलं त्यांनी मला पाहिलं आणि घरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्याला एक कप्पा जास्त.

"हे काऊन?" मी म्हटलं.

"तुह्या वहिनीनं देल्लं. म्हणे, त्या बोंडेवाल्याले सांगा, आता दुसरं गिऱ्हाईक पाह्य."

मला तोवर पाहिलंही नव्हतं त्या माउलीनं.

महागाचं काही नसायचं. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी. पावसाळ्यात अंबाडीची भाजी. थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची, ती असली की मी अकरापासूनच घड्याळ पाहायचो. उन्हाळ्यात कांदा हमखास, ऊन लागू नये म्हणून. महिन्याच्या अखेरीला तेल कमी व्हायचं, चव मात्र तीच.

आणि नियम काय एकेक! भाकर गरम भरायची नाही, डब्यात तिला घाम सुटतो. भाजी पातळ करायची नाही, सायकलवर सांडते.

आजकाल माझी मुलगी मोबाईलवर ऑफिससाठी 'हेल्दी टिफिन'चे व्हिडिओ पाहत असते. मी म्हणतो, बाई गं, आमच्या वहिनीनं हे सगळं कधीच करून ठेवलंय, चुलीवर.

जेवण झालं की मधुकररावांचा रोजचा प्रश्न.

"मीठ बरोबर होतं का?"

"बरोबर."

"चाल, घरी गेलो की सांगतो तिले. विचारल्याशिवाय सोडत नाई ते."

एकदा वांग्याच्या भाजीत मीठच नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गुपचूप खाल्लं. "झकास होती म्हणून सांगा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या कप्प्यात भाकरीवर मिठाची पुडी! सोबत निरोप: "म्याही तेच भाजी खाल्ली घरी. दोघंही एका माळेचे मणी. अन्नाच्या बाबतीत खोटं बोलाल, तं उद्यापासून बोंडेच खाजा."

तेव्हापासून खोटं बोललो नाही. खारट तर खारट, अळणी तर अळणी.

माझं लग्न झालं, तेव्हा कुठं तो कप्पा बंद झाला. बायकोला पहिल्याच भेटीत सांगितलं त्यांनी, "मीठ कसं होतं, रोज विचारत जाजो. खोटं बोलले तं मले सांगजो." बायको अजून विचारते.

काल सकाळी मी तिला स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही. पहिली भाकर मोडली. दुसरी करपली. तिसरी जरा भाकरीसारखी दिसली. आता मी वर्ध्याला राहतो; देवळीची बस चुकेल म्हणून गरमच भरली. बसमध्ये डबा मांडीला चटके देत होता, आणि मी मनात म्हणत होतो, वहिनी आता रागावणार.

रागवायला त्या नव्हत्या.

डबा खुंटीला टांगला आणि सगळ्यांबरोबर घाटावर गेलो.

आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे, सोयरे डबे आणतात. चून-भाकरच असते बहुतेक. कडू घास म्हणतात त्याला.

परत आलो. मधुकरराव ओसरीवर बसले होते. डोळ्यांत पाणी नाही. शेजारचे डबे आले, त्यांनी हात लावला नाही. मग खुंटीकडे पाहिलं.

"गजू, तिच्यासाठी आणलं होतं ना तू? तेच दे."

भाकरीला घाम सुटून ती डब्याला चिकटली होती. चुनाचा गोळा झाला होता. त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावत राहिले.

"मीठ नाई टाकलं तू."

मी चाखलं. खरंच नव्हतं. एवढं बजावलं होतं वहिनीनं!

"राहू दे," ते म्हणाले. "घरी गेलो की सांगतो तिले."

मग त्यांचा हात डब्यातच राहिला. ते घरीच बसले होते.

त्यानंतर म्हातारा जो रडला, ते मला पाहवेना. मी त्यांना धरून बसलो. शांत झाल्यावर दोघांनी मिळून तो डबा संपवला. वहिनीच्या घरात अन्न टाकलेलं चालत नाही.

वहिनी, तुम्ही विचाराल, म्हणून मीच सांगतो.

मीठ नव्हतं. भाकर गरम भरली होती.

पण डबा रिकामा झाला. आणि या वेळी आम्ही दोघंही खोटं बोललो नाही.

या आता, वहिनी. तुमच्या गजूभाऊजीचा शेवटचा नमस्कार.