कोरा राहिलेला रकाना

माझा काका चाळीस वर्षं कोट शिवतोय. दुसरं दुकान काढायचं ठरलं, तेव्हा धंद्याचा आराखडा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका रकान्यात विचारलं होतं, 'इतरांकडे नाही असं तुमच्याकडे काय आहे?'

दुपारच्या उन्हात खडूची धूळ तरंगत होती. मशीनच्या घरघरीत काका मनानं कुठंतरी लांब गेला होता.

"काहीतरी बोल ना! कापड तेच, दोरा तोच, समोरचा शिंपी तर लवकरही देतो."

"देत असेल गं."

तेवढ्यात पोस्टमन आला आणि काकानं शिवलेला नवा कोट घालून आरशापुढे उभा राहिला. पिशवी वाहून त्याचा एक खांदा उतरलाय, पण आरशात दोन्ही सारखे दिसत होते. तो स्वप्नात असल्यासारखा हसला आणि कोट घालूनच गेला.

"उतरत्या बाजूला खांद्यातलं पॅड जाड घालतो," काका हळूच म्हणाला. "गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही."

"अरे, मग हेच लिहिते की!"

"नको. लिहिलं की त्यांना कळणार."

मी चिडून पेन आपटलं. मग माझा हात आपोआप माझ्या कोटाच्या खांद्यांवर गेला. लहानपणापासून माझे कोट काकाच शिवतो.

डावीकडचं पॅड जाड होतं.